प्रोटोकॉल खुला केला, पण परवाना नेमका कशाचा दिला? : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एका औद्योगिक संवाद-प्रोटोकॉलचं, म्हणजे कारखान्यातल्या यंत्रांनी आपसात बोलण्याच्या ठरलेल्या नियमांचं आहे. सहभागींची ओळख पटू नये म्हणून कंपन्यांची नावं दिलेली नाहीत. उत्पादनाचा प्रकार आणि काही तांत्रिक तपशीलही बदलले आहेत. निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. मी त्या कार्यगटाचं सचिवपद सांभाळत होतो. म्हणजे मसुदे, इतिवृत्तं, हजेरीपट आणि रात्री अकराला येणारे वकिलांचे ई-मेल माझ्या वाट्याला.

पार्श्वभूमी

कारखान्याला लागणारी दाबाखालची हवा बहुधा एका कॉम्प्रेसरमधून येत नाही. तीन-चार यंत्रं एकाच नळीला जोडलेली असतात. मागणी वाढली की एक जास्त चालू करायचं, उतरली की बंद करायचं. कोणी कधी चालू व्हायचं हे ठरवायला त्या यंत्रांना आपसात बोलावं लागतं, आणि घोडं पेंड खातं ते इथेच. यंत्रं वेगवेगळ्या उत्पादकांची असतील तर मध्ये भाषांतर करणारा डबा बसवावा लागतो.

यावर कोणीही म्हणेल, ‘मॉडबस आहे की.’ आहेच. मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये आणलेला मॉडबस हा औद्योगिक यंत्रांचा प्रोटोकॉल आज रॉयल्टी न देता कोणालाही वापरता येतो; श्नायडर इलेक्ट्रिकने २००४ मध्ये त्याचे हक्क मॉडबस ऑर्गनायझेशनकडे सोपवले. पण मॉडबस एवढंच सांगतो की अमुक क्रमांकाच्या रजिस्टरमधला आकडा वाच. तो आकडा दाबाचा की तापमानाचा, बारमध्ये की पास्कलमध्ये, हे ज्याचं त्याने ठरवलेलं. सगळे एकच लिपी वापरत होते, भाषा मात्र प्रत्येकाची निराळी.

या क्षेत्रातल्या एका कंपनीकडे (तिला ‘मूळ कंपनी’ म्हणू) स्वतःचा प्रोटोकॉल दहा-एक वर्षं चालू होता. त्यात तीन गोष्टी होत्या: प्रत्येक आकड्याचा ठरलेला अर्थ, तारेवर नवं यंत्र जोडलं की त्याची आपोआप ओळख, आणि यंत्रांच्या गटात ‘मुखिया’ कोण हे ठरवण्याची रीत. मुखिया बंद पडला तर काही क्षणांत दुसरा पुढे येत असे. मोठे ग्राहक निविदांमध्ये ‘एकाच उत्पादकावर अवलंबून राहावं लागणारा प्रोटोकॉल नको’ अशी अट घालू लागले, तेव्हा मूळ कंपनीने तो सगळ्यांसाठीचं मानक म्हणून खुला करायचं ठरवलं. यात दानधर्म नव्हता. बंद प्रोटोकॉलमुळे विक्री अडत होती, इतकंच.

कार्यगटात सात सभासद जमले: मूळ कंपनी, तिचे चार स्पर्धक, नियंत्रणप्रणाली बनवणारी एक अवाढव्य कंपनी, आणि संवाद-मॉड्यूल पुरवणारा एक छोटा पुरवठादार. आठवा माणूस गटाबाहेरचा होता. तारेवरचे संदेश बघून-बघून त्याने प्रोटोकॉल उलगडला होता आणि मुक्तस्रोत लायब्ररी, म्हणजे कोणालाही वापरता येईल असा तयार कोड, लिहिली होती. मैदानात, म्हणजे प्रत्यक्ष कारखान्यांत, ती आधीच वापरात होती, त्यामुळे त्याला टाळून पुढे जाणं शक्य नव्हतं.

कोणाचं काय होतं

पहिल्या बैठकीत प्रत्येकाच्या तोंडी ‘प्रोटोकॉलचा परवाना’ हे शब्द होते. अशी एक वस्तू अस्तित्वातच नसते, हे कळायला आम्हाला तीन महिने लागले.

वर्णनाचा दस्तऐवज होता, त्यावर कॉपीराइट. पण कॉपीराइट मजकुराला असतो, मजकुरात सांगितलेल्या वागणुकीला नसतो. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये सॅस इन्स्टिट्यूटच्या खटल्यात संगणक-प्रोग्रामचं कार्य आणि त्याची प्रोग्रामिंग भाषा यांना कॉपीराइटचं संरक्षण नाही, असं स्पष्ट केलं होतं. म्हणजे दस्तऐवज वाचून स्वतःचा कोड लिहिणाऱ्याला कॉपीराइटच्या आधारे थोपवता येईल ही समजूत लटकी होती. मूळ कंपनीच्या वकिलांचा पहिला मसुदा नेमका त्याच समजुतीवर उभा होता.

दुसरं, पेटंट. मूळ कंपनीची दोन मंजूर पेटंटं आणि एक प्रलंबित अर्ज. तिसरं, नाव आणि बोधचिन्ह. चौथं, नमुना कोड. पाचवं, चाचणी-संच, म्हणजे उपकरण प्रोटोकॉल नीट बोलतं का हे तपासणारं सॉफ्टवेअर. ते एका स्पर्धकाने स्वखर्चाने लिहायला घेतलं होतं. आणि सहावी गोष्ट, जिच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं: उत्पादक-क्रमांक. प्रत्येक संदेशात दोन बाइट उत्पादकाच्या ओळखीसाठी राखून ठेवले होते. तो क्रमांक कोण देणार, कोणाला, कोणत्या अटीवर? यूएसबीच्या जगात उत्पादक-ओळख यूएसबी-आयएफ ही संस्था देते आणि त्यासाठी पैसे पडतात. क्रमांक देणारा ‘नाही’ म्हणाला तर बाकी सगळे परवाने हातात असूनही उपकरण बाजारात आणणं अवघड होतं.

अडचण

पहिला मसुदा चौदा पानांचा, सगळं एकत्र बांधलेला. दस्तऐवज हवा असेल तर गोपनीयतेच्या करारावर सही करा. सही केली की पेटंटचा परवाना ‘न्याय्य, वाजवी आणि भेदभावरहित’ अटींवर मिळेल. या अटींना या धंद्यात ‘फ्रँड’ म्हणतात.

‘वाजवी म्हणजे किती?’ एका छोट्या उत्पादकाने विचारलं. उत्तर कोणाकडे नव्हतं. मी टिपणासाठी मायक्रोसॉफ्ट आणि मोटोरोला यांचा खटला काढून ठेवला होता. मोटोरोलाने २०१० मध्ये आपल्या मानक-पेटंटांसाठी (मानक पाळायला जी वापरावीच लागतात ती) तयार उत्पादनाच्या किमतीवर २.२५ टक्के मागितले. सिॲटलच्या न्यायालयाने २०१३ मध्ये दर ठरवला तो एच.२६४ या व्हिडिओ-मानकासाठी नगामागे ०.५५५ सेंट आणि वाय-फायसाठी एक्सबॉक्स या खेळयंत्रामागे ३.४७१ सेंट. दोन्ही बाजू ‘वाजवी’ याच शब्दाला धरून बसल्या होत्या. हे वाचून दाखवल्यावर बैठकीत जी शांतता पसरली, तीच माझ्या मते या प्रकरणाची खरी सुरुवात.

अवाढव्य कंपनीची भीती उलटी होती. तिच्याकडे हजारो पेटंटं. ‘आमच्या दुसऱ्याच विभागाचं एखादं पेटंट आमच्या नकळत या मानकात अडकलं आणि फुकट वाटलं गेलं तर?’ आपलं सगळं भांडार तपासायला ती तयार नव्हती, आणि ते तसं रास्तही होतं. त्या तपासणीचा खर्च प्रोटोकॉलच्या फायद्याहून जास्त झाला असता.

लायब्ररीवाल्याची अडचण सगळ्यात साधी होती. त्याचा कोड कोण, किती प्रतींत उतरवून घेतं हे त्यालाच माहीत नाही, मग प्रतीमागे रॉयल्टी भरायची कोणी? त्याने जीपीएल या मुक्तस्रोत परवान्याची दुसरी आवृत्ती लावली होती. तिच्या ७व्या कलमानुसार, पेटंटच्या बंधनामुळे कोड रॉयल्टीशिवाय पुढे देता येत नसेल तर तो अजिबात वाटता येत नाही. फ्रँडवर शिक्कामोर्तब झालं असतं तर मैदानातली सर्वात वापरली जाणारी अंमलबजावणी त्याच दिवशी बेकायदा ठरली असती.

समोरचे पर्याय

पेटंट-संचय, म्हणजे सगळ्यांची पेटंटं एका ठिकाणी आणून एकच परवाना विकणं, एका बैठकीत बाद झाला. एमपीईजी-२ या व्हिडिओ-मानकासाठी १९९७ पासून असा संचय चालला, कारण तिथे पेटंटं शेकड्यांनी होती आणि उपकरणं कोट्यवधींनी. आमच्याकडे पेटंटं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

चिपवर रॉयल्टी घ्यायची, हा दुसरा विचार. गाड्यांमधल्या कॅन बस या संवाद-प्रोटोकॉलसाठी बॉशने हेच केलं: परवान्याचं शुल्क चिप बनवणाऱ्यांकडून घेतलं, त्यामुळे कॅन वापरणाऱ्या उपकरण-उत्पादकाला ते बहुतेक जाणवतही नाही. वाट फार छान, पण त्यासाठी प्रोटोकॉल सिलिकॉनमध्ये असावा लागतो. आमचा प्रोटोकॉल साध्या मायक्रोकंट्रोलरवर सॉफ्टवेअरमध्ये चालत होता. पैसे गोळा करायला जकातनाकंच नव्हतं.

एखाद्या मोठ्या मानक-संस्थेच्या छत्राखाली जायचं, यावर मात्र बराच खल झाला. आयएसओ, आयईसी आणि आयटीयू यांचं पेटंटविषयक धोरण एकच आहे; त्यांच्या जाहीरनाम्यात पेटंटधारकाने तीनपैकी एका चौकटीत खूण करायची: फुकट देईन, वाजवी अटींवर देईन, किंवा यातलं काहीही करणार नाही. ओएसिस या दुसऱ्या मानक-संस्थेत समिती स्थापन होतानाच परवान्याची पद्धत निवडावी लागते आणि नंतर ती बदलायची तर समिती बंद करून नव्याने सनद द्यावी लागते. मला हा कडकपणा आवडला होता. तांत्रिक काम सुरू होण्याआधी पैशांचा प्रश्न मिटतो. पण मूळ कंपनीला वेळ हवा होता आणि नियंत्रणही. तिने स्वतंत्र ना-नफा संस्था काढायचा हट्ट धरला.

शेवटी दोनच गोष्टी उरल्या. रॉयल्टीमुक्त परवाना, ज्यावर सही करावी लागते. किंवा जाहीर हमी, की या मानकाची अंमलबजावणी करणाऱ्यावर आम्ही आवश्यक पेटंटांचा दावा लावणार नाही. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आपल्या काही विनिर्देशांसाठी (तांत्रिक वर्णनांसाठी) अशी हमी जाहीर केली होती. हमीला सही लागत नाही, म्हणून लायब्ररीवाल्यासारख्यांना ती सोयीची. पण सही नाही म्हटल्यावर समोरच्याला बांधायचं कसं? तोड अशी निघाली की हमीच सशर्त ठेवायची: जो या मानकाच्या अंमलबजावणीवरून कोणावरही पेटंटचा दावा लावेल, त्याच्यापुरती ती संपली.

पहिला निर्णयबिंदू: ‘आवश्यक’ कशाला म्हणायचं

वकिलांनी सर्वात जास्त तास या एका शब्दावर घालवले, आणि अभियंत्यांना तो वेळेचा अपव्यय वाटला. मला तसं वाटत नाही. परवान्याच्या वाक्यात ‘आवश्यक पेटंटं’ असा शब्दप्रयोग असेल, तर परवान्यात काय आहे हे त्याच्या व्याख्येवरच ठरतं.

एत्सी या युरोपीय दूरसंचार मानक-संस्थेच्या व्याख्येत कसोटी तांत्रिक आहे: ते पेटंट न वापरता मानकाचं पालन तांत्रिकदृष्ट्या अशक्य असेल तरच ते आवश्यक. पर्याय महाग आहे, एवढं कारण तिथे चालत नाही. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या धोरणात मात्र तांत्रिक आणि व्यापारी, दोन्ही दृष्टींनी व्यवहार्य पर्याय नसेल तर पेटंट आवश्यक धरलं जातं, आणि मानकाचे ऐच्छिक भागही त्यात येतात. मूळ कंपनीला एत्सीची अरुंद व्याख्या हवी होती. छोट्या उत्पादकांनी आयईईईची धरली. ‘दुसरा मार्ग आहे, पण त्यासाठी सगळं हार्डवेअर बदलावं लागेल, हा कसला पर्याय?’ असा त्यांचा सवाल होता, आणि तो बिनतोड होता.

गटाने रुंद व्याख्या घेतली. बदल्यात अवाढव्य कंपनीला माघारीची खिडकी मिळाली: मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून नव्वद दिवसांत सभासदाने नेमकं पेटंट आणि मानकाचं नेमकं कलम दाखवून ते हमीतून वगळायचं, न वगळलेलं सगळं आपोआप हमीत. कल्पना वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या २००४ च्या धोरणातून उचललेली. तिथे पहिल्या मसुद्यानंतर दीडशे दिवस मिळत. भांडार तपासायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. न तपासल्याची जोखीम ज्याची त्याची.

दुसरा निर्णयबिंदू: उशिरा उघड झालेलं पेटंट

नव्वदपैकी ऐंशी दिवस गेले. सगळं सुरळीत. मग छोट्या मॉड्यूल-पुरवठादाराचं दोन ओळींचं पत्र आलं: मुखिया निवडण्याच्या पद्धतीवर आमचं मंजूर पेटंट आहे, आम्ही ते वगळत आहोत.

त्यांचा प्रतिनिधी पहिल्यापासून प्रत्येक बैठकीला हजर. त्या कलमाच्या चर्चेत त्याने सूचनाही केल्या होत्या. दोन सभासदांनी थेट फसवणुकीचा शब्द वापरला. कोणीतरी डेलचं उदाहरण काढलं: व्हेसा या मानक-संस्थेच्या व्हीएल-बस मानकावर मत देताना डेलच्या प्रतिनिधीने कंपनीचं कोणतंही पेटंट आड येत नाही असं लिहून दिलं, नंतर डेलने पेटंट पुढे केलं, आणि अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९६ मध्ये ते पेटंट त्या मानकापुरतं वापरण्यास मनाई केली. ‘तेच करू या.’

मी तेव्हा रॅम्बस या मेमरी-तंत्रज्ञानाच्या कंपनीची आठवण करून दिली. मेमरी-चिपची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या बैठकांमध्ये बसून आपली पेटंटं न सांगितल्याबद्दल कमिशनने २००६ मध्ये रॅम्बसला दोषी धरलं, पण २००८ मध्ये अपील न्यायालयाने तो आदेश रद्द केला. त्याआधी २००३ मध्ये दुसऱ्या एका अपील न्यायालयाने जेडेकच्या धोरणात सभासदाने काय आणि कधी उघड करायचं याचा नेमकेपणा नसल्याबद्दल बोट ठेवलंच होतं. आमच्या नियमांची अवस्था काय होती? पहिल्या अकरा बैठका तर कोणत्याही धोरणाशिवाय झाल्या होत्या. धोरण बाराव्या बैठकीत मंजूर झालं, आणि पुरवठादाराने त्यातली मुदत पाळली होती. खटला आम्ही बहुधा हरलो असतो.

खरा प्रकार उलगडला तो मूळ कंपनीच्या जुन्या खरेदीच्या कागदांतून. दहा वर्षांपूर्वी तिने मुखिया-निवडीची सोय स्वतः लिहिली नव्हती. ती याच पुरवठादाराच्या मॉड्यूलमध्ये तयार मिळत होती. पेटंटधारकाने वस्तू विकली की त्या वस्तूपुरता त्याचा हक्क संपतो, या तत्त्वाने मॉड्यूल विकत घेणाऱ्याला परवान्याचा प्रश्नच येत नाही. पेटंटचे पैसे मॉड्यूलच्या किमतीतच गेले होते. वर्षं सरली, माणसं बदलली, आणि ‘आमचा प्रोटोकॉल’ म्हणता-म्हणता त्यातला एक भाग आपला नाही हे मूळ कंपनी विसरली. प्रोटोकॉल खुला होणार म्हणजे ती पद्धत मॉड्यूल न घेता कोणीही वापरणार. पुरवठादाराच्या अभियंत्याला वाटत होतं की हे सगळ्यांना ठाऊकच आहे. लुच्चेगिरी कोणाचीच नव्हती. हे कळल्यावर बैठकीचा सूर बदलला.

पुरवठादाराला पेटंट फुकट देणं परवडणारं नव्हतं. त्याचा धंदाच त्या मॉड्यूलवर. मग तीन वाटा: एकरकमी पैसे देऊन हक्क घ्यायचे, शुल्क भरायचं, किंवा पेटंटला वळसा घालायचा. एकरकमी रकमेचा आकडा ऐकून दोन छोट्या उत्पादकांनी हात वर केले. शुल्क म्हणजे पुन्हा फ्रँडचं भूत. राहिला वळसा. अभियंत्यांनी ‘आठवड्याचं काम’ असं सांगितलं. प्रत्यक्षात चार महिने गेले.

वळसा तसा जुनाच होता. सर्वात मोठा क्रमांक असलेल्या जिवंत यंत्राने मुखिया व्हायचं, ही ‘बुली’ पद्धत हेक्टर गार्सिया-मोलिना यांनी १९८२ मध्येच प्रसिद्ध केली होती. इतकी जुनी, छापील गोष्ट आता कोणाला नव्याने पेटंटात अडकवता येत नाही. वेळ लागला तो पद्धत शोधायला नव्हे. मैदानात आधीच बसवलेली हजारो यंत्रं जुन्या पद्धतीने मुखिया निवडत होती; नव्या यंत्रांबरोबर एका तारेवर आली की दोन मुखिये तयार होत आणि दोघेही परस्परविरोधी आज्ञा देत. हे गणित सोडवण्यातच चार महिने गेले.

अखेर मानकात दोन पद्धती ठेवल्या. साधी पद्धत सक्तीची आणि हमीखाली. पुरवठादाराची जलद पद्धत ऐच्छिक, हमीबाहेर, पण एका अटीवर: पुरवठादाराने कमाल शुल्क किती, हे मतदानाआधी लिहून द्यायचं. हा मार्ग व्हिटा या संस्थेने आधी घालून दिला होता. आपल्या सभासदांकडून कमाल दर आगाऊ मागण्याच्या तिच्या धोरणाला हरकत घेण्याचा इरादा नसल्याचं अमेरिकेच्या न्याय विभागाने २००६ मध्ये कळवलं होतं. दरावर घासाघीस मात्र बैठकीत करू दिली नाही. स्पर्धकांनी एका टेबलाभोवती बसून दर ठरवणं ही स्पर्धा-कायद्याची वेगळीच आफत. आकडा पाकिटात आला, इतिवृत्ताला जोडला, चर्चा शून्य.

तिसरा निर्णयबिंदू: पेटंट उद्या दुसऱ्याकडे गेलं तर

हे कलम जवळजवळ राहून गेलं होतं. आठवलं ते एका जुन्या प्रकरणामुळे. नॅशनल सेमीकंडक्टरने १९९४ मध्ये आयईईईला लिहून दिलं होतं की इथरनेटमधल्या वेग-जुळवणीच्या आपल्या तंत्राचा परवाना एकरकमी १,००० डॉलरला देऊ. पेटंटं पुढे हातोहात फिरत एन-डेटा या कंपनीकडे गेली आणि तिने ते वचन बाजूला ठेवून जास्त पैसे मागितले. फेडरल ट्रेड कमिशनला २००८ मध्ये मध्ये पडावं लागलं.

म्हणून एकच वाक्य जोडलं: हमी आणि जाहीर केलेली शुल्कमर्यादा पेटंटाबरोबर चालते, विकणाऱ्याने ती विकत घेणाऱ्यावर करारानेच बंधनकारक करायची. त्याच बैठकीत आणखी एक वाक्य मंजूर झालं, की सभासद सोडून गेला तरी जाण्याच्या दिवसापर्यंतच्या मसुद्यांसाठी त्याची हमी कायम. दोन्ही मिळून वीस मिनिटं लागली असतील.

प्रत्यक्षात काय केलं

चौदा पानांचा करार फोडून तुकडे केले. दस्तऐवज सर्वांना सहीशिवाय वाचायला खुला. अंमलबजावणीसाठी प्रती काढायला, उतारे घ्यायला मोकळीक, पण बदललेला मजकूर त्याच नावाने प्रसिद्ध करायचा नाही. पेटंटसाठी वर सांगितलेली सशर्त हमी. नमुना कोड अपाची २.० या मुक्तस्रोत परवान्याखाली, कारण त्या परवान्यात पेटंटचा हक्क स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. नाव आणि बोधचिन्ह फक्त चाचणी पार केलेल्या उपकरणांना.

शेवटच्या मुद्द्यावर मूळ कंपनीला जास्त हवं होतं. ब्लूटूथप्रमाणे पेटंटचा हक्कही चाचणी पार केलेल्या उत्पादनांनाच द्यावा, असा तिचा आग्रह होता. सुसंगततेसाठी ते हत्यार जबरदस्त, पण अर्धवट लिहिलेली लायब्ररी, प्रयोगशाळेतलं जुगाड, निदानाचं साधन हे सगळं त्याने उघड्यावर पडलं असतं. पाच विरुद्ध दोन मतांनी आग्रह फेटाळला गेला. सुसंगतता नावाच्या जोरावर राखायची, पेटंटच्या धाकाने नाही.

उत्पादक-क्रमांक सभासद नसलेल्यांनाही देण्याचं ठरलं, आणि प्रयोगासाठी क्रमांकांचा एक छोटा पट्टा कोणालाही न विचारता वापरता येईल असा राखला. ही सूचना लायब्ररीवाल्याची. त्याला बैठकीत मत नव्हतं; त्याने मला पत्र लिहिलं, मी ते वाचून दाखवलं.

निष्पत्ती

मानक प्रसिद्ध झालं, ठरल्यापेक्षा जवळपास वर्षभर उशिरा. चारपैकी तीन स्पर्धकांनी ते उत्पादनांत घेतलं. चौथा अंतिम मतदानाआधीच बाहेर पडला. त्याचं एक पेटंट ओळख-पद्धतीच्या कलमाला लागू होतं, पण सोडून जाणाऱ्याबद्दलचं वाक्य तोवर मंजूर झालेलं असल्यामुळे ते हमीतच राहिलं. लायब्ररी आजही चालू आहे.

ऐच्छिक जलद पद्धत जवळजवळ कोणीच घेतली नाही. साध्या पद्धतीत मुखिया बदलायला काही सेकंद जास्त लागतात आणि तेवढ्यात नळीतला दाब किंचित घसरतो. हवेच्या टाकीचा आकार थोडा वाढवला की ते खपून जातं, हे ग्राहकांनीच शोधून काढलं. पुरवठादाराचं नुकसान झालं. त्याला आम्ही फसवलं नाही, पण त्याच्या पेटंटला वळसा घालण्याची पायवाट आम्हीच सगळ्यांना छापून दिली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तीन वर्षांनी पुरवठादाराने पेटंटं विकली. नव्या मालकाने दोन उत्पादकांना पत्रं पाठवली. मागणी जाहीर मर्यादेच्या कितीतरी वर. पाकिटातला आकडा, इतिवृत्त आणि ते एक वाक्य, अशा तीन कागदांच्या प्रती उत्तरादाखल गेल्या. पुढे पत्रव्यवहार थांबला.

काय वेगळं करता आलं असतं

उघड करण्याचं धोरण पहिल्या बैठकीआधी हवं होतं. बाराव्या बैठकीत आलं. हे उघडच आहे आणि तरी पुन्हा-पुन्हा घडतं, कारण सुरुवातीला सगळे मित्र असतात आणि वकिलाला बोलावणं उद्धटपणा वाटतो. प्रलंबित अर्जांचा प्रश्न त्याहून नाजूक. पेटंट-अर्ज साधारण अठरा महिने गुप्त राहतो. त्या काळात अर्जदार बैठकीत बसून मानक कुठे वळतंय हे बघत आपले दावे त्याला जुळवून घेऊ शकतो. आमच्या धोरणात अप्रकाशित अर्जांचा उल्लेखच नव्हता. मूळ कंपनीने आपला अर्ज स्वतःहून सांगितला, हे आमचं नशीब.

मूळ कंपनीने प्रोटोकॉल खुला करण्याआधी त्याची वंशावळ तपासायला हवी होती. प्रत्येक कलम कुठून आलं: स्वतःच्या कर्मचाऱ्याने लिहिलं, सल्लागाराने, की विकत घेतलेल्या घटकातून आलं? जुनी खरेदीची फाइल एका दुपारी चाळली असती तर चार महिने वाचले असते. गटानेही इतिवृत्तात ‘सूचना स्वीकारली’ एवढंच लिहिलं. सूचना कोणाची, कोणत्या कंपनीच्या वतीने, हे लिहिलं नाही. ती चूक माझी. आता हजेरीपटाशेजारी त्यासाठी वेगळा रकाना असतो.

नावाच्या परवान्यावर आम्ही एका बैठकीतला अर्धा तास घालवला, आणि ते दिसलं. एका उत्पादकाने चाचणी न देता बोधचिन्ह टाळून फक्त ‘अमुक प्रोटोकॉलशी सुसंगत’ असं छापलं. बोधचिन्ह वापरलं नाही म्हणून थेट बोट ठेवता येईना. शब्दात सांगितलेल्या दाव्यांबद्दल कराराने काहीच ठरवलं नव्हतं. ते उपकरण निम्म्या आज्ञांना उत्तर देत नसे आणि शिव्या मानकाला बसत.

सर्वात महाग पडला चाचणी-संच. तो एका स्पर्धकाने लिहिला होता, आम्ही ‘संस्थेला वापरायला दिला’ असं तोंडी धरून चाललो. कॉपीराइट कोणाचा, सुधारणा कोण करणार, दुसऱ्या आवृत्तीसाठी तो मिळेल का, यातलं काहीही कागदावर नव्हतं. त्या कंपनीचं व्यवस्थापन बदललं आणि दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी त्यांनी वार्षिक शुल्क मागितलं. पेटंटसाठी इतकं रान उठवून जे टाळलं, ते चाचणीच्या मागच्या दाराने आत आलं: नाव हवं तर चाचणी हवी, चाचणी हवी तर त्यांना पैसे द्या. संस्थेने आता स्वतःचा संच लिहायला घेतला आहे. मुखिया-निवडीच्या चाचण्या अजून बाकी आहेत.